सांगून मारा

सुमन, तू गेलीस त्या दिवशी गावात फवारणीचा एकही पंप चालला नाही. ऐन हंगामातली गोष्ट. मिरचीची पानं आकसायला लागलेली, लोकांनी आदल्या दिवशीच टेंभुर्णीहून औषधाचे डबे आणून ओट्यावर ठेवलेले. पण गावात मयत आहे म्हटल्यावर कोणी वावराकडे फिरकलं नाही. तुला पोचवून माणसं परत आली, आंघोळी झाल्या, तोवर दुपार टळली होती. दिवसभर हवेला कसलाच वास नव्हता. आपण दोघी चपला झिजवून जी एक सकाळ मागत होतो, ती तू अशी मिळवलीस. मला इतका संताप आला की तुझ्या तिरडीपाशी बसून मी रडायचंच विसरले.

रडले नंतर, न्हाणीत, बादलीत नळ सोडून. थोरल्या जावेनं धाकटीच्या दहाव्याचा स्वयंपाक करायचा, हे काही बरोबर नाही. माझ्या मागे तू राहशील, माझ्या सुनांना ताळ्यावर ठेवशील, असं मी धरून चालले होते. तुला विचारलं नव्हतं, ते सोड. तुला विचारून मी कधी काय केलंय?

तू असतीस तर आल्या आल्या पहिला प्रश्न टाकला असतास, "बाई, सभेत काय झालं?" सांगते. पण सगळं क्रमानं आणि माझ्या पद्धतीनं सांगते. मधेमधे "तसं न्हाई बाई, असं झाल्तं" म्हणायला आता तू नाहीस, आणि या गोष्टीची मला अजिबात सवय झालेली नाही.

सुरुवात आठवते का? अंगणवाडीची खिचडी शिजत होती. आपल्या दोन घरांच्या मधे भिंत एकच, मागे उत्तमची मिरची, पुढे माझी अंगणवाडी. उत्तम आपल्या भावकीतला, नात्यानं दीर, तेव्हा तोंड सांभाळून बोलायचं. त्या सकाळी त्यानं पंप सुरू केला आणि वारा आपल्याकडचा. खिचडीच्या पातेल्यावर झाकण नव्हतं. लेकरं डोळे चोळायला लागली, एक-दोघांना ओकाऱ्या झाल्या. मी पातेलं उकिरड्यावर ओतलं आणि उत्तमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बांधाकडे निघाले. तू मला ओलांडून पुढे गेलीस. पदर खोचलेला, हाताला पीठ.

तो म्हणाला, "वहिनी, वावर माझं, औषध माझं. तुमचं काय जाऊन राह्यलं?"

मला वाटलं आता तू त्याला फाडून खाशील. तू म्हणालीस, "वावर तुमचंच हाये भाऊजी. मारू नका असं मी कवा म्हन्लं? मारा. पन सांगून मारा. आदल्या सांजच्याला एक आवाज द्या. आमी लेकरं आत घेतो, पानी झाकतो, मंग तुमचं काम व्हऊ द्या."

त्याला भांडायचं होतं आणि भांडायला काही उरलंच नाही. मीही तशीच उभी. तोंडात आलेल्या शिव्या घेऊन परत यायची माझ्यावर ती पहिलीच वेळ.

मग तो सांगायला लागला. संध्याकाळी तुझ्या अंगणाच्या कडेला उभा राहायचा, आत यायचा नाही. "वहिनी, उद्या मारायचंय." एवढंच. तू हातातलं टाकून उठायचीस. रांजणावर पाट ठेवायचीस, त्यावर दगड. दोरीवरची धुणी काढायचीस, शेळी पुढच्या अंगाला बांधायचीस, मागची खिडकी लावायचीस. मग गल्लीभर फिरून दारोदार सांगायचीस आणि प्रत्येक दारात थोडं बसायचीस, म्हणून निरोप पोचायला जेवणाची वेळ व्हायची. तुझं पाहून दुसरे दोन-चार जण सांगायला लागले. कोणी तुला, कोणी थेट शेजाऱ्याला. कोणाच्या सहीशिक्क्याशिवाय एवढं चाललं होतं.

मी विष म्हणायचे, तू औषध म्हणायचीस. आपला अर्धा वेळ त्या भांडणात गेला. तुझं म्हणणं, विष म्हटलं की मारणारा माणूस कान बंद करतो, आणि आपल्याला तर त्याच्याच कानाशी काम आहे. मला ते पटायचं नाही. विषाला विष म्हणायला कोणाची भीती? पण सांगायला संध्याकाळी माणूस यायचा तो तुझ्या दारात. माझ्या दारात कोणी आलं नाही, हेही खरं.

अडचण झाली ती ठोक्याच्या वावरांची. बाहेरचे लोक वर्षापुरती जमीन घेतात, ट्रॅक्टरवरचा मोठा फवारा आणतात, त्यांना आपल्या लेकरांची नावं माहीत नाहीत. ते कोणाला सांगतील? काही जण तर सरकारी विहिरीवरच पंप धुवायचे. म्हणून तू म्हणालीस, आता हे ग्रामसभेत ठरलं पाहिजे. आदल्या संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून सांगायचं. शाळा-अंगणवाडीजवळ लेकरं असताना मारायचं नाही. विहिरीवर पंप धुवायचा नाही. गावचं शिवार, गावानं ठरवायचं. मी अर्ज लिहिला, तू बायकांचे अंगठे आणि सह्या गोळा केल्यास.

जाफराबादला तालुक्याच्या साहेबांकडे गेलो तो दिवस मला फार आठवतो. बाकावर बसून बसून माझी कंबर मोडली, तू शेजारच्या बाईकडून शेवयांची नवी कृती शिकून घेतलीस. साहेब चांगले होते, बसा म्हणाले. पण ग्रामसभेला फवारणीबद्दल असं ठरवता येतं का, यावर वरून मार्गदर्शन मागवावं लागेल, असं त्यांचं एकच पालुपद. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "साहेब, आमच्या गावात वारा बी वरून इचारून सुटतो का?" साहेबांना हसू आलं, शिपाईही हसला. काम झालं नाही. स्टँडवर आपण भजी खाल्ली आणि तू हसून हसून ठसका लावून घेतलास. मी म्हटलं, काम झालं नाही तर हसतेस काय? तू म्हणालीस, "हसला म्हंजे ऐकलं तरी त्यानं." एवढ्यावर तुझं पोट भरायचं. साहेबाला न भिणारी तू, पाल दिसली की माझ्या घरात पळून यायचीस.

आता आपल्या मोठ्या भांडणाकडे येते. ते अजून संपलेलं नाही, मी तरी संपवलेलं नाही.

आपल्या गल्लीतली द्वारका ठोक्याच्या वावरात मिरची तोडायला गेली होती. सकाळी तिथं मोठा फवारा झालेला आणि त्याच वावरात दुपारी बायका घातलेल्या. कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. द्वारका बांधावरच कोसळली. भोकरदनला नेली. ती वाचली, पण डॉक्टर म्हणाला, ऊन लागलं. मी त्याच संध्याकाळी नवा अर्ज लिहिला आणि त्यात लिहिलं, फवारणीमुळे विषबाधा. तुला वाचून दाखवला. तू म्हणालीस, "बाई, हे खोडा."

"का म्हणून?"

"डॉक्टर ऊन म्हन्ला ना."

"डॉक्टरला काय कळतं?"

"मंग आपल्याला कळतं का? मला बी वाटून राह्यलं का औषधानंच झालं. पन वाटनं येगळं. उद्या कोनी इचारलं तर काय सांगनार, आमाला वाटलं? एक गोष्ट खोटी निघाली का आपल्या समद्या गोष्टी खोट्या व्हतेत. खिचडी बी खोटी व्हईल."

मी खोडलं. दात-ओठ खात खोडलं. आणि ऑगस्टच्या सभेत काय झालं? सरपंचांनी अर्ज वाचला, वर पाहिलं आणि म्हणाले, "बाई पडली, बाई बरी झाली. मंग तक्रार काय हाये तुमची?" लोक हसले. विषय पुढं ढकलला. परत येताना मी तुला म्हटलं, घे, तुझं खरं घे आणि त्याची भाकर करून खा.  दुसऱ्या दिवशी भिंतीवरून वाटीभर वांग्याची भाजी आली, नेहमीसारखी तिखटजाळ. मी खाल्ली, पण वाटी परत देताना तोंडातून शब्द काढला नाही. मी बरोबर होते, असं मला आजही वाटतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुझे डोळे पिवळे झाले. आधी कावीळ म्हणून केदारखेड्याला माहेरी जाऊन झाडपाला घेतलास, तिथून पोट फुगून आलीस. मग संभाजीनगर. लिव्हर गेलं म्हणाले. आयुष्यात चहाशिवाय कशाला तोंड लावलं नाहीस, तुझं लिव्हर कसं जातं? मी त्या डॉक्टरला दारात गाठलं. बाई इतकी वर्षं मिरचीच्या वावरात वाकलेली असते, मागच्या खिडकीतून फवारा आत येतो, त्यानं झालं का हे? तो तरुण होता, थकलेला होता. म्हणाला, होऊ शकतं, नसेलही. आता सांगता येणार नाही.

मी आत आले तर तू डोळे उघडे ठेवून पडलेली. तुला ऐकू गेलं होतं. तुझे कान कायम दाराशीच. म्हणालीस, "बाई, माझ्या नावावर काय बी खपवू नका."

मी म्हटलं, "गप पड."

"न्हाई, ऐका. तुमी सभेत उठून म्हन्ताल सुमन फवाऱ्यानं गेली. तुमाला मी वळखते. मंग समदे उत्तमभाऊजीकडं बघतेन. बराबर शेजारी त्यायचंच वावर हाये."

"जातेस कुठं? उद्या-परवा घरी जायचंय आपल्याला."

तू हसलीस. ओठ सुकले होते तरी हसलीस. मी तुला हो म्हटलं नाही, हे तूही पाहिलंस. तुझं पाणी बदलायचं निमित्त करून बाहेर गेले. आपलं शेवटचं धड बोलणं ते. त्यानंतर तू नुसती पाणी मागायचीस. मी तुझे पाय दाबत बसायचे आणि मनात भांडत राहायचे. पाय दाबताना तुला म्हणायचं होतं की तू माझी जाऊ नाहीस, तू माझी बहीण आहेस, बहिणीपेक्षा जवळची आहेस. पण असलं बोलायची आपल्यात रीत नव्हती. आपण एकमेकींना भाजी द्यायचो.

गांधी जयंतीच्या ग्रामसभेला मी गेले तेव्हा तुझा तेरावा होऊन गेला होता. देवळासमोर एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. बायकाही आल्या, तुझ्यासाठी आल्या. गावात कुजबूज आधीच होती, कोणी म्हणायचं तिखट खाऊन गेली, कोणी म्हणायचं फवाऱ्यानं. उत्तम पहिल्या रांगेत, मान खाली. रंगनाथ भाऊजी तुझा फोटो घेऊन आले नाहीत, बरं झालं. ते नुसते एका बाजूला खांबाला टेकून बसले होते. बायको गेल्यापासून माणूस निम्मा झालाय.

द्वारका माझ्या कानाला लागली. "ताई, एकच वाक्य बोला. सुमनताई फवाऱ्यानं गेल्या. बास. आज समदे हात वर करतेत."

ती खरं बोलत होती. मला समोर दिसत होतं. ते एक वाक्य टाकलं असतं तर ठराव जागच्या जागी झाला असता. भोंगा, अंगणवाडी, विहीर, सगळं. तुझ्या नावानं झाला असता. आणि माझी तर खात्रीच आहे की तुला त्यानंच नेलं. मग खोटं कुठं होतं? सरपंच म्हणाले, "बोला वहिनी," आणि मी उठले. माझ्या तोंडात ते वाक्य अगदी तयार होतं. सुमन, मी ते बोलणारच होते.

पण माझी नजर उत्तमकडे गेली. त्यानं कान दोन्ही हातांनी धरले होते, मार पडायच्या आधी लेकरू धरतं तसे.

मी म्हटलं, "सुमन कशानं गेली ते डॉक्टरला सांगता आलं नाही. मलाही सांगता येणार नाही. मला वाटतं ते वेगळं." सभेत एकदम गलका झाला. मी आवाज चढवला. "पण सांगून मारा म्हणायला कारण कशाला पाहिजे? आधी माणूस मरायला पाहिजे, मग त्याचं कारण निघायला पाहिजे, मग तुम्ही शेजारी आवाज देणार का? ती जिवंत असताना हेच मागत होती."

बायकांतले बरेच हात वर झाले. पुरुषांतले थोडे. उत्तमनं हात वर केला नाही. ठोक्यानं जमीन देणाऱ्या कोणीच केला नाही. पुढच्या सभेत बघू, असं ठरलं. म्हणजे हरलो. सुमन, आपण तुझ्यामुळे हरलो, हे तुला ऐकावंच लागेल. द्वारका पदर झटकून उठली आणि जाता जाता म्हणाली, "ताई, तुमी बी तिच्यावानीच निघाल्या." तिनं ते शिवी दिल्यासारखं म्हटलं. मी घरी येईपर्यंत ते धरून ठेवलं होतं, घरी आल्यावर मला रडू फुटलं.

तेव्हापासून मी अंगणवाडी उघडते, खिचडी शिजवते, पातेल्यावर झाकण ठेवते आणि नाक वर करून वारा हुंगत बसते. रंगनाथ भाऊजी लेकीकडे गेलेत. तुझ्या दाराला कडी आहे. भिंतीपलीकडून भांड्याचा आवाज येत नाही. इतकी वर्षं त्या आवाजाला मी नावं ठेवली, ही बया भांडी घासते की आपटते म्हणून.

आज दिवस कलताना मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. उत्तम आला. मी कुडाआड होते, त्याला दिसले नाही. तो तुझ्या अंगणाच्या कडेला, नेहमीच्या जागी उभा राहिला आणि त्यानं आवाज दिला, "सुमनवहिनी!"

मग त्याचं त्यालाच कळलं. तो तसाच उभा. बंद दाराकडे बघत राहिला, टोपी काढून हातात धरली, परत घातली. मी खाकरले तेव्हा दचकला.

"तोंडात बसलंय नाव," तो म्हणाला. "उद्या सकाळी मारायचं म्हन्तो. सांगायचं व्हतं. आता कोनाला सांगू?"

"सभेत तर हात वर केला नाहीत भाऊजी."

"ते ठरावाचं व्हतं. ठराव झाला का उद्या दंड येतो, परवा पोलिस येतेत. हे येगळं हाये. हे त्यायला सांगायचं ठरल्तं."

"मला सांगा मग."

"तुमी चिडता."

"चिडते. तरी सांगा."

त्यानं मान हलवली. जायला वळला आणि परत थांबला. पाठ माझ्याकडेच होती. "वहिनी, एक इचारू? माझ्या फवाऱ्यानं गेल्या का त्या?"

तू माझ्या जागी असतीस तर काय म्हणाली असतीस, ते मला माहीत आहे. माझ्या मनात काय होतं, तेही तुला माहीत आहे. मी म्हटलं, "माहीत नाही भाऊजी." त्याला "नाही" असं ऐकायचं होतं. निदान "हो" तरी. चहा करते म्हटलं तर नको म्हणाला. पाय ओढत बांधानं गेला.

मी उठले. रांजणावर पाट ठेवला, त्यावर दगड. शेळी पुढच्या अंगाला बांधली. तुझी कडी काढून आत गेले आणि मागच्या खिडकीपाशी पोचले. गजांवर पांढरट थर बसलाय, तू रोज फडक्यानं पुसायचीस तो. मी पदरानं पुसला आणि खिडकी लावली. मग गल्लीतून दारोदार फिरले. मला तुझ्यासारखं बसत बसत जाता येत नाही, मी दारातूनच ओरडले. द्वारका माझ्याशी बोलली नाही, पण उठून दोरीवरची धुणी काढायला लागली.

सगळ्यांना सांगून घरी आले आणि वाटलं, एक घर राहिलं. म्हणून हे लिहायला बसले.

सुमन, उद्या सकाळी उत्तम मिरचीवर औषध मारणार आहे. वारा आपल्याच घराकडे आहे. तुझी खिडकी मी लावली आहे.